बीजाचें माहेर

गेल्या भाद्रपदांत माझ्या पुतण्याच्या मुलाचें एक लांबलचक पत्र आलें. चिरंजीव कॅनडा देशाच्या पश्चिम टोकास, ब्रिटिश कोलंबिया नांवाच्या प्रांतांत, शिकावयास आहे. तेथील पुष्कळ विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटींत अरण्यांत जाऊन झाडें लावण्याचें काम करितात व रोपामागें ठरलेली मजुरी मिळवितात; तसा तोही गेला होता. कमरेस रोपांच्या पिशव्या, हातांत फावडें, आणि दिवसभर डोंगरउतारावर चढउतार करीत एकेक रोप भूमींत रोवावयाचें. घरीं पाण्याचा तांब्या न उचलणाऱ्या मुलानें हें सारें केलें ह्याचें आम्हां सर्वांस कौतुक वाटलें. पण मी थबकलों तो पत्रांतील दुसऱ्याच एका मजकुरावर. त्यानें लिहिलें होतें, "आजोबा, येथें रोपांच्या प्रत्येक खोक्यावर एक क्रमांक असतो. हें बीज कोणत्या भागांतून व किती उंचीवरून गोळा केलें, हें त्या क्रमांकावरून नोंदवहींत पाहतां येतें. एका डोंगरासाठीं आलेलीं रोपें भलत्याच डोंगरावर लावूं देत नाहींत, मग तीं एकाच जातीचीं कां असेनात."

हें वाचतांच मला आमच्या शाळेमागची टेकडी आठवली. त्या गोष्टीस आज पंचवीसांहून अधिक वर्षें झालीं. शाळेच्या एका उत्सवानिमित्त त्या उघड्याबोडक्या टेकडीवर आम्हीं मुलांच्या हातून चारशें रोपें लावविलीं. स्वस्त मिळालीं म्हणून तीं दूरच्या एका रोपवाटिकेंतून आणविलीं होतीं. आम्हीं झाडांचीं नांवें विचारलीं, भाव विचारला, गाडीभाडें विचारलें. पण बीज कोठलें, हा प्रश्न विचारावा असें कोणाच्या स्वप्नांतही आलें नाहीं. पहिले दोन पावसाळे रोपें तरारलीं. तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस मोजलीं, तों शंभरही उरलीं नव्हतीं. पाणी घालण्याच्या पाळ्या चुकविल्या म्हणून मीं मुलांस वर्गांत उभें करून बोल लाविला. त्यांतील एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "गुरुजी, आम्हीं खरेंच पाणी घातलें." मीं त्याच्यावर विश्वास ठेविला नाहीं.

तीं झाडें कशानें मेलीं हें आज ठरविणें शक्य नाहीं. जमीन मुरमाड होती, गुरें मोकाट होतीं, उन्हाळाही कडक होता. पण जो प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावयाचा, तो मीं विचारला नव्हता, एवढें मात्र आतां निश्चित कळलें. तो प्रश्न इतक्या महत्त्वाचा कां, हें समजून घेण्यासाठीं गेलें वर्षभर जें वाचलें व नातवाकडून जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

ज्या झाडांवर ह्या शास्त्राचा सर्वाधिक अभ्यास झाला तीं सूचिपर्णी झाडें होत. त्यांचीं पानें सुईसारखीं वा खवल्यांसारखीं असतात व बीज शंकूच्या आकाराच्या फळासारख्या भागांत तयार होतें. आपल्या सह्याद्रींत हीं झाडें आपोआप वाढत नाहींत, म्हणून आपणांस त्यांचा परिचय थोडा. परंतु ज्यांनीं रघुवंशाचा दुसरा सर्ग वाचला आहे, त्यांस शंकरानें पुत्र मानलेला व पार्वतीनें पाणी घालून वाढविलेला देवदार ठाऊक आहे. तो ह्याच कुळांतला. हिमालयांतील चीडही ह्याच कुळांतला. पाइन, स्प्रूस, फर हे त्यांचे उत्तरेकडील भाऊबंद. कॅनडा, स्वीडन, रशिया ह्या देशांत ह्यांचीं अरण्यें शेंकडों कोस पसरलेलीं आहेत, व तेथील घरें, कागद, इंधन आणि लक्षावधि माणसांची उपजीविका ह्यांवर अवलंबून आहे.

ह्यांतील लॉजपोल पाइन हें एक झाड घ्या. उत्तर अमेरिकेच्या मैदानांतील मूळ रहिवासी आपल्या राहुट्यांना ह्याच्या सरळ, सडपातळ खोडांचे खांब करीत, म्हणून हें नांव. उत्तरेस युकॉनपासून दक्षिणेस मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्नियापर्यंत हें झाड आढळतें. समुद्रकांठच्या वाऱ्यांत तें खुजें व वांकडें असतें. आंतल्या डोंगरांत तेंच सोटासारखें सरळ वाढतें. नांव एक, जात एक. पण स्वभाव किती निराळे!

स्वभाव म्हणजे काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. सामान्य समजूत अशी कीं उत्तरेकडील झाड थंडी सोसणारें व दक्षिणेकडील झाड नाजूक. ही समजूत अर्धीच खरी आहे. पुरती तयारी झालेलें उत्तरेकडील पाइन भर हिंवाळ्यांत शून्याखालीं चाळीस अंशांची थंडीही सोसूं शकतें. पण तेंच झाड कोंवळी वाढ चालू असतां भर उन्हाळ्यांत शून्याखालीं थोडे अंश उतरलेल्या थंडीनें दुखावतें. थंडी किती, हा एक प्रश्न. ती येण्याच्या आधीं झाडाची तयारी झाली होती कीं नाहीं, हा त्याहून मोठा प्रश्न. वाढ केव्हां थांबवावयाची, शेंड्याची कळी केव्हां मिटावयाची, आणि वसंतांत ती केव्हां उघडावयाची, ह्याचें एक पंचांग प्रत्येक झाडाच्या अंगीं जन्मतःच असतें.

हें पंचांग तें कशावरून वाचतें? मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून. थंडी एखाद्या वर्षीं लवकर येते, एखाद्या वर्षीं उशिरां. पण रात्रीची लांबी दर वर्षीं त्या त्या तारखेस ठरल्याप्रमाणेंच असते. दूर उत्तरेस उन्हाळ्यांत रात्री अगदीं लहान असतात. तेथलें झाड रात्र किंचित् लांबूं लागतांच सावध होतें आणि वाढ आवरतें. दक्षिणेकडील झाडाच्या कानीं ही शाळा सुटल्याची घंटा उशिरां पडते, कारण त्यास बऱ्याच लांब रात्रीची संवय असते. तें उत्तरेस नेलें म्हणजे शरद् उजाडला तरी तें वाढतच राहतें, आणि पहिल्या कडाक्यांत त्याचे कोंवळे शेंडे करपतात. उलट उत्तरेचें झाड दक्षिणेस नेलें तर त्यास भर उन्हाळ्यांतच घंटा ऐकूं येते. तें वाढ लवकर थांबवितें आणि शेजाऱ्यांच्या सावलींत खुरटून राहतें.

आमच्या कोंकणांतील शेतकऱ्यास हें तत्त्व नवें वाटणार नाहीं. वरकस जमिनींत लवकर पिकणारें हळवें भात आणि पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट जमिनींत उशिरां पिकणारें गरवें भात पेरावें, हें त्यास कोणा शास्त्रज्ञानें शिकविलेलें नाहीं. गरवें भात वरकसांत टाकलें तर दाणा भरण्यापूर्वींच पाऊस सरतो. भाताची चूक चार महिन्यांत कळते व पुढच्या वर्षीं सुधारतां येते. अरण्याची चूक कळावयास मात्र वीस, चाळीस, कधीं साठ वर्षें लागतात. तोंवर लावणारे हात बहुधा या जगांत नसतात.

म्हणूनच हें ज्ञान मनुष्यास फार सावकाश झालें. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील दुहामेल द्यु मोंसो नांवाच्या विद्वानानें, गलबतांच्या डोलकाठ्यांस चांगलें लांकूड मिळावें म्हणून, निरनिराळ्या देशांतून स्कॉट्स पाइनचें बीज मागवून लाविलें. पुढें व्हिल्मोरँ ह्या गृहस्थानें १८२१ सालीं ले बार येथें जमीन घेऊन हाच प्रयोग पद्धतशीरपणें चालविला; त्याचा वृत्तांत १८६२ सालीं प्रसिद्ध झाला. एकाच मळ्यांत, एकाच मातींत व एकाच पावसांत वाढूनही निरनिराळ्या देशांच्या बीजांचीं झाडें निरनिराळींच राहिलीं.

ह्या प्रयोगामागील युक्ति संस्कृत वाचकांस चटकन् पटेल. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज प्रधान कीं क्षेत्र प्रधान, असा एक वाद आहे. अर्थात् तो तेथें संततीवरील हक्काच्या निमित्तानें आला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं हा वाद शब्दांनीं न सोडवितां कुदळीनें सोडविला. अनेक बीजें एका क्षेत्रांत लावावीं. जो फरक उरेल तो बीजाचा. तेंच बीज अनेक क्षेत्रांत लावावें. जो फरक पडेल तो क्षेत्राचा. उत्तर असें निघालें कीं दोन्ही प्रधान आहेत, आणि त्यांहून प्रधान आहे तें त्या दोहोंचें जुळणें.

हें जुळणें बिघडलें म्हणजे काय होतें, तें स्वीडननें अनुभवलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें जर्मनींतून आणलेलें स्कॉट्स पाइनचें बीज मोठ्या प्रमाणावर पेरलें गेलें. झाड तेंच, स्वीडनच्या अरण्यांत अनादि काळापासून असलेलें. मग बीज कोठूनही आणलें तरी काय बिघडलें, असा हिशेब झाला. पुढें त्या झाडांचीं खोडें वांकडीं निघालीं, त्यांस बुरशीच्या रोगांनीं गांठलें व थंडीनें झोडपलें. ज्यांनीं पेरलें त्यांनीं पैसे वांचविले. ज्यांच्या वांट्यास अरण्य आलें त्यांनीं तें भरून दिलें. त्याच स्वीडनांत पुढें ह्या विषयाचें शास्त्र उभें राहिलें, हें योग्यच झालें. ट्यूरेसन ह्या शास्त्रज्ञानें १९२२ सालीं स्थानानुरूप बनलेल्या पोटभेदांस 'इकोटाइप' ही संज्ञा दिली. लांग्लेट ह्यांनीं १९३६ सालीं स्वीडनमधील शेंकडों ठिकाणच्या पाइनचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखविलें कीं हे पोटभेद भिंत घातल्यासारखे वेगळे नसतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे जावें तसतसा स्वभाव हळूहळू पालटत जातो. आपल्या भाषेबद्दल आपण म्हणतों ना, कीं ती बारा कोसांवर बदलते, तसेंच हें.

हिंदुस्थान ह्या विचारापासून दूर नव्हता. डेहराडून येथें १९०६ सालीं स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेंतील एच. जी. चँपियन ह्या अधिकाऱ्यांनीं, वनांसाठीं वापरावयाच्या बीजाच्या मूलस्थानाचें महत्त्व ह्याच विषयावर १९३३ सालीं एक प्रबंध लिहिला. हिमालयांतील कांहीं चीड वृक्षांचीं खोडें दोरीस पीळ द्यावा तशीं पिळलेलीं असतात व त्यांचें लांकूड चिरावयास निरुपयोगी ठरतें. हा पीळ कां पडतो, ह्याचाही त्यांनीं पूर्वीं कसून अभ्यास केला होता.

आतां कोणी विचारील, एकाच जातीच्या झाडांत असा भेद पडतो कसा? पाइनचा पराग तर वाऱ्यावर कोसच्या कोस उडतो; मग सर्वांचे गुण एकमेकांत मिसळून सारखे कां होत नाहींत? ह्याचें उत्तर निसर्गाच्या कठोर परीक्षेंत आहे. एका मोठ्या झाडाखालीं आयुष्यभरांत हजारों रोपें उगवतात. त्यांतून एखाददुसरेंच मोठें होतें. ज्या डोंगरावर दंव लवकर पडतें तेथें उशिरां वाढ थांबविणारीं रोपें दर पिढीस गळून पडतात. वारा बाहेरचे गुण आणीत राहतो आणि हिंवाळा ते पाखडीत राहतो. अशा शेंकडों पिढ्यांच्या पाखडणींतून जें उरतें, तें त्या डोंगराचें बीज.

हे गुण जनुकांत कसे लिहिलेले असतात, हें आतां कांहीं अंशीं वाचतां येऊं लागलें आहे. काम सोपें नव्हे. मनुष्याच्या जनुकग्रंथांत सुमारें तीनशें कोटी अक्षरें आहेत. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं स्प्रूसचा ग्रंथ प्रथम वाचला, तो सुमारें दोन हजार कोटी अक्षरांचा निघाला. ब्रिटिश कोलंबियांतील विश्वविद्यालयांत सॅली एटकिन ह्या विदुषींच्या नेतृत्वाखालीं लॉजपोल पाइन व डोंगरी स्प्रूस ह्या दोन वृक्षांचा असाच अभ्यास झाला. शेंकडों ठिकाणचें बीज आणून रोपें वाढविलीं. त्यांच्या सुयांचे तुकडे करून ते ठरलेल्या थंडींत गोठविले, आणि पेशी फुटून किती क्षार पाण्यांत झिरपतात हें विजेच्या साहाय्यानें मोजलें. जितकें झिरपणें अधिक तितकी इजा अधिक. मग ह्या मोजमापांचा व मूळ स्थानच्या हवामानाचा जनुकांशीं ताळा पाहिला. सॅम यीमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१६ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत जो निष्कर्ष मांडला तो मोठा मौजेचा आहे. ह्या दोन वृक्षांचे वंश सुमारें चौदा कोटी वर्षांपूर्वीं एकमेकांपासून वेगळे झाले. तरीही हवामानाशीं जुळवून घेण्याच्या कामीं दोघांतही त्याच सत्तेचाळीस जनुकांचा हात असल्याचीं चिन्हें दिसलीं. दोन दूरच्या घराण्यांनीं एकाच संकटावर, एकमेकांस न विचारतां, बरीचशी तीच तोड काढावी, असा हा प्रकार.

ह्या अभ्यासांत पुन्हां पुन्हां एक देवघेव दिसते. जें झाड उशिरांपर्यंत वाढत राहतें तें उंच होतें, पण दंवास बळी पडण्याचें भय त्यास अधिक. जें लवकर आवरतें तें सुरक्षित राहतें, पण मागें पडतें. म्हणून रोपवाटिकेंत पहिल्या दोन वर्षांत जें सर्वांत उंच दिसतें तेंच उत्तम, असें समजणाऱ्याची फसगत होते. शिक्षकाच्या धंद्यांत तीसपस्तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

एक आणखी नवल सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नॉर्वेमध्यें उत्तरेकडील स्प्रूसचे मातृवृक्ष दक्षिणेच्या उबदार भागांत आणून तेथें त्यांचें बीज धरविलें. आईबाप उत्तरेचे, म्हणून संततीही उत्तरेच्याच स्वभावाची व्हावी. पण ती वाढ उशिरां थांबवूं लागली, जणूं दक्षिणेंतच जन्मलेली! शोधाअंतीं कळलें कीं बीजांत गर्भ तयार होत असतांना जी उष्णता असते तिची स्मृति रोपांत वर्षानुवर्षें टिकते. सुभद्रेच्या उदरीं असतां चक्रव्यूहाचा भेद ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथा आपण मुलांस सांगतों. स्प्रूसच्या बाबतींत निदान हवामानाचा धडा तरी गर्भांतच ऐकला जातो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या सर्वांवरून वनाधिकाऱ्यांनीं गेल्या शतकांत एक सोपा नियम ठरविला: स्थानिक बीज तेंच उत्तम. प्रदेशांचे बीजविभाग पाडले. एका विभागाचें बीज शक्यतों त्याच विभागांत, आणि डोंगरावर फार वरखालीं न नेतां वापरावें, असा दंडक झाला. बीजाचा सांठाही जपून ठेविला जातो. ब्रिटिश कोलंबियांत सरे ह्या गांवीं सरकारी बीजकेंद्र आहे. तेथें बीज शून्याखालीं अठरा अंशांच्या थंडींत ठेवितात, व पुष्कळसें सूचिपर्णी बीज अशा रीतीनें अनेक वर्षें सजीव राहतें.

पण ह्या सोप्या नियमाखालची भूमीच आतां सरकूं लागली आहे. 'स्थानिक बीज' म्हणजे स्थानिक हवामानांत मुरलेलें बीज. तें हवामानच जर स्थान सोडून चाललें, तर स्थानिक कशास म्हणावयाचें? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आजवर पृथ्वीचें सरासरी उष्णतामान एक अंशाहून अधिक वाढलें आहे. त्याची झळ ब्रिटिश कोलंबियास चांगलीच लागली. तेथें पूर्वीं कडक हिंवाळे पाइनच्या सालीखालील भुंगेऱ्यांचा संहार करीत. हिंवाळे सौम्य झाले, अरण्यांत जुनीं झाडें दाटलीं होतीं, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून भुंगेऱ्यांची अशी धाड आली कीं सुमारें एक कोटी ऐंशीं लक्ष हेक्टर अरण्यास तिची झळ पोंचली. त्या प्रांतांत अलीकडे वर्षास वीस कोटींहून अधिक रोपें लाविलीं जातात. एवढ्या रोपांचें बीज चुकलें तर ती चूक कोणत्या पिढीनें निस्तरावयाची?

सुदैवानें कांहीं दूरदृष्टीच्या माणसांनीं ह्याचें उत्तर शोधण्याचें साधन आधींच तयार करून ठेविलें होतें. अमेरिकेच्या वायव्य भागांत विंड रिव्हर येथें डग्लस फर वृक्षाचा प्रयोग १९१२ सालीं आरंभिला गेला. तेरा ठिकाणच्या एकशें वीस मातृवृक्षांचें बीज वेंचून त्याचीं रोपें लाविलीं, आणि त्यांचीं मापें शतकभर घेतलीं गेलीं. आरंभ करणारा एकही मनुष्य शेवट पाहावयास उरला नाहीं; पण दर पिढींत कोणी ना कोणी मोजपट्टी घेऊन त्या झाडांपाशीं गेला. फार वेगळ्या हवामानांतून आणलेलीं झाडें कालांतरानें मागें पडलीं, असा त्याचा निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. ब्रिटिश कोलंबियांत इलिंगवर्थ ह्यांनीं लॉजपोल पाइनचीं एकशें चाळीस ठिकाणचीं बीजें साठ जागीं लावविलीं, तीं १९७४ सालीं. तो प्रयोग हवामान बदलाच्या विचारानें केलेला नव्हता. पण एका ठिकाणचें झाड दुसऱ्या उष्णतामानांत किती वाढतें व कोठें हात टेकतें, हें आज त्याच प्रयोगावरून सांगतां येतें. पुढें २००९ पासून युकॉनपासून कॅलिफोर्नियापर्यंत अठ्ठेचाळीस जागीं पंधरा जातींच्या वृक्षांचीं रोपें, मुद्दाम भविष्यकाळ डोळ्यांपुढें ठेवून, लाविलीं गेलीं.

ह्या अनुभवाच्या बळावर त्या प्रांतानें २०१८ सालीं नवी पद्धति सुरू केली. नकाशावरील विभागाऐवजीं हवामान जुळवावयाचें. आणि जेथें रोप लावावयाचें त्याहून किंचित् उबदार ठिकाणचें बीज घ्यावयाचें. 'किंचित्' हा शब्द महत्त्वाचा आहे. साठसत्तर वर्षांनंतरच्या उष्णतेसाठीं योग्य असें फार दक्षिणेचें बीज आज लाविलें, तर तें पुढच्याच हिंवाळ्यांत मरेल. अगदीं जागच्या जागचें बीज लाविलें, तर तें बाळपण सुखानें काढील, पण प्रौढपणीं उष्णतेनें, कोरडेपणानें व किडींनीं गांजेल. रोपास आजची थंडी सोसावयाची आहे आणि वृक्षास उद्यांची उष्णता. दोन्ही साधेल असें बीज निवडणें, हीच वनाधिकाऱ्याची खरी कसोटी. त्यांतही एकाच मातृवृक्षाचें बीज न घेतां अनेकांचें घ्यावें लागतें. कारण आपला अंदाज चुकला तर निवड करावयास निसर्गाच्या हातीं कांहीं वैविध्य शिल्लक असलें पाहिजे.

येथें एक इशारा देणें मी माझें कर्तव्य समजतों. बीजाच्या ह्या गोष्टी ऐकून कोणी त्या माणसांच्या कुळांस लावूं पाहील. तसें करूं नये. झाड जागचें हलत नाहीं, घोंगडी पांघरत नाहीं, शाळेंत जात नाहीं. मनुष्य हें सर्व करितो. शिवाय ह्या शास्त्रांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा शब्दच नाहीं. जर्मन पाइन जर्मनींत उत्तम होता. दोष त्याचा नव्हता, न विचारतां त्यास भलत्या घरीं देणाऱ्यांचा होता.

आपल्या इकडेही प्रत्येक पावसाळ्यांत संस्था, शाळा व सरकारी खातीं हौसेनें रोपें लावितात. किती लाविलीं ह्याचे आंकडे छापून येतात. बीज कोठल्या डोंगरावरचें, किती झाडांवरून वेंचलेलें, तेथें पाऊस किती, उन्हाळा कसा, हे चार प्रश्न ज्या दिवशीं आपण भाव विचारण्यापूर्वीं विचारूं लागूं, त्या दिवशीं त्या आंकड्यांस कांहीं अर्थ येईल. लेक देतांना आपण सासरची चौकशी करितों. सून आणतांना तिच्या माहेरच्या चालीरीति जाणून घेतों, म्हणजे तिला नव्या घरीं जड जाऊं नये. झाडाच्या बाबतींत तेवढी तरी आस्था दाखवावयास काय हरकत आहे?

तो रडवेला मुलगा आतां चाळिशीचा गृहस्थ असून आमच्याच गांवांत त्याचें किराणा मालाचें दुकान आहे. पत्र आल्यावर थोड्या दिवसांनीं मीं त्याच्या दुकानीं जाऊन ती जुनी गोष्ट काढली, आणि माझें त्या वेळीं चुकलें, असें सांगितलें. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, मी तें केव्हांच विसरलों." थोडा वेळ थांबून पुढें म्हणाला, "पण पाणी आम्हीं खरेंच घातलें होतें." विसरला नव्हता, हें उघड आहे.

ह्या वैशाखांत आम्ही दोघे व शाळेचीं कांहीं मुलें जवळपासच्या कोरड्या टेकड्यांवर व देवराईच्या कडेस फिरलों, आणि जीं जुनीं झाडें अनेक उन्हाळे काढून उभीं आहेत त्यांचें बीज वेंचलें. एकाच झाडावर न थांबतां प्रत्येक जातीच्या निरनिराळ्या झाडांवरून थोडें थोडें घेतलें. एका मुलीनें वही घातली आहे: कोणतें झाड, कोणत्या अंगाचा उतार, कोणत्या तारखेस. वहीचीं अजून चारच पानें भरलीं आहेत. ती शाळेच्या कपाटांत ठेविली असून मुख्याध्यापक बदलले तरी वही बदलूं नये, एवढें मुलांस बजावून सांगितलें आहे.